दहावीनंतर बांधकाम क्षेत्र : आयटीआय, डिप्लोमा की डिग्री?

प्रश्न : मी सोलापुरात यंत्रमाग कारखान्यात कामाला आहे. मुलाला यंदा दहावीत ६८ टक्के गुण मिळाले असून त्याला बांधकामाच्या क्षेत्रात जायचे आहे. नातेवाईक म्हणतात की त्यात बिगारकामाशिवाय काही नाही. आयटीआय, डिप्लोमा की बारावी करून डिग्री, हे आम्हाला ठरवता येत नाही. मुलगी बारावी विज्ञान झाली आहे आणि तिलाही हाच विषय आवडतो. मुलींना या क्षेत्रात वाव आहे का?

उत्तर : आपल्या मुलाचे गुण आणि त्याची आवड पाहता मी स्थापत्य (सिव्हिल) शाखेचा तीन वर्षांचा डिप्लोमा सुचवेन. मात्र प्रवेशाचा अर्ज भरण्यापूर्वी त्याला आठ-पंधरा दिवस एखाद्या चालू कामावर नेऊन उभे करावे, असे माझे आपल्याला आग्रहाचे सांगणे आहे. त्याने तेथे मजुरी करायची नाही. अठरा वर्षांच्या आतल्या मुलाला बांधकामावर राबवणे चुकीचे आणि धोक्याचे आहे. त्याने फक्त पाहायचे, विचारायचे आणि वहीत लिहायचे. मी गेली सत्तावीस वर्षे सोलापूर शहरात आणि जिल्ह्यात बांधकामे करून घेत आहे. या काळात माझ्याकडे आलेल्या मुलांपैकी जी टिकली आणि पुढे गेली, त्यांच्यात एक गोष्ट समान होती : त्यांना नकाशा वाचता येत होता आणि जमिनीवर अचूक मोजता येत होते. त्यांतले काही आयटीआयचे होते, काही डिग्रीचे आणि दोघे तर आठवीतून शाळा सोडलेले गवंडी होते.

नातेवाइकांच्या म्हणण्याचा विचार आधी करू. बांधकाम म्हटले की रस्त्यावरून जाणाऱ्याला घमेले आणि फावडे दिसते, कारण बाकीचे काम कागदावर, प्रयोगशाळेत किंवा पहाटे चालते. आपल्या शहराजवळ कुंभारी येथे विडी कामगार, यंत्रमाग कामगार आणि इतर असंघटित कामगारांसाठी रे नगरची ३०,००० घरांची वसाहत योजली गेली आणि त्यांपैकी १५,००० घरांचा ताबा जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आला. अशा कामात एकही वीट लागण्यापूर्वी सर्व्हेअर जमिनीची मोजणी करतो, मातीची तपासणी होते, वास्तुविशारद आराखडा मांडतो, स्ट्रक्चरल इंजिनिअर पाया, कॉलम आणि बीम यांचे गणित करतो, अंदाजपत्रक करणारा प्रत्येक पोते सिमेंट आणि प्रत्येक किलो सळई आधीच मोजून ठेवतो. त्यानंतर गवंडी, काँक्रीटचा साचा उभारणारे सेंट्रिंगवाले, सळई बांधणारे फिटर, प्लंबर, वायरमन, फरशीवाले आणि रंगारी येतात आणि या सर्वांची सांगड घालणारा साइट इंजिनिअर दिवसभर उन्हात उभा असतो. शेवटी बिल तयार करणारा आणि ते तपासणारा, हीदेखील बांधकामातलीच माणसे आहेत. बिगारी हा या साखळीतला सर्वांत कमी पैसे मिळवणारा आणि सर्वांत जास्त कष्ट करणारा माणूस आहे, परंतु तो म्हणजे संपूर्ण क्षेत्र नव्हे. वालचंद हिराचंद हे सोलापूरचेच. त्यांनीही सुरुवात लक्ष्मणराव फाटक यांच्या भागीदारीत रेल्वेच्या बांधकाम कंत्राटांपासून केली आणि १९२६ मध्ये हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन कंपनी उभी केली. प्रत्येक मुलगा तेवढा मोठा होईल असे मी म्हणत नाही. आपल्या गावाला हे क्षेत्र परके नाही, एवढेच आपण नातेवाइकांना सांगू शकता.

आता वाटांविषयी. आयटीआयमध्ये गवंडीकाम, प्लंबर, वेल्डर हे एक वर्षाचे आणि इलेक्ट्रिशियन, ड्राफ्ट्समन सिव्हिल हे दोन वर्षांचे ट्रेड आहेत. घरातली परिस्थिती बेताची असेल आणि मुलाने लवकर कमावते होणे गरजेचे असेल, तर ही वाट उत्तम आहे. तिला कमी लेखण्याचे कारण नाही. चांगला प्लंबर किंवा चांगला फरशीवाला मिळवण्यासाठी आज आम्हाला आठवडा-आठवडा थांबावे लागते, आणि नवीन डिप्लोमाधारकाच्या पहिल्या पगारापेक्षा त्या कारागिराची महिन्याची कमाई जास्त असते, हे मी रोज पाहतो. फरक पुढे पडतो. कारागिराची कमाई त्याच्या हातांच्या कामाच्या तासांना बांधलेली राहते. ती वाढवायची तर त्याला स्वतःची माणसे बाळगून छोटा ठेका घ्यावा लागतो, आणि ठेका घेतला की मोजमाप, दर आणि हिशेब यांपासून सुटका नसते. दहावीनंतर दोन वर्षांचा आयटीआय केलेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची सोय आहे, त्यामुळे या वाटेने गेलेला मुलगा पुढच्या शिक्षणाला मुकतो असेही नाही. माझ्याकडे सध्या ज्याचे रेखांकन मी डोळे झाकून स्वीकारतो, तो ड्राफ्ट्समन याच क्रमाने आला आहे.

डिप्लोमाचा मुलगा साइटसाठी योग्य वयात तयार होतो. एकोणिसाव्या वर्षी तो कामावर येतो, त्याला सर्वेक्षण, काँक्रीट, अंदाजपत्रक आणि रेखांकन यांची ओळख असते आणि गवंड्याशी बोलताना तो बिचकत नाही. नोकरी करून पाहिल्यावर आणखी शिकावेसे वाटले तर डिग्रीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येते. शासकीय नोकरीच्या दृष्टीनेही जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम आणि जलसंपदा या विभागांतील कनिष्ठ अभियंता आणि स्थापत्य अभियांत्रिकी सहायक, तसेच भूमी अभिलेख विभागातील भूकरमापक अशा पदांसाठी स्थापत्यचे शिक्षण उपयोगी पडते. एक सूचना मात्र कळकळीने करतो. या भरतीच्या जाहिराती ठरावीक वेळी निघत नाहीत. अभ्यासाच्या नावाखाली चार-पाच वर्षे घरी किंवा पुण्याच्या खोलीत बसलेली, नंतर ना परीक्षा निघाली ना साइट जमली अशी हुशार मुले मी पाहिली आहेत आणि त्यांच्याकडे पाहून जीव तुटतो. काम करत अभ्यास करावा.

डिग्री ही घाई नसलेल्यांसाठी आणि ज्यांना गणिताची खरी गोडी आहे त्यांच्यासाठी आहे. पूल, धरणे, उंच इमारती यांचे संकल्पन, नियोजन आणि मोठ्या प्रकल्पांचे व्यवस्थापन येथे तिचा उपयोग आहे. सोलापुरात वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे. त्यामुळे शिक्षणासाठी गाव सोडावेच लागेल असे नाही.

आता त्या मोजण्याच्या मुद्द्याकडे येतो, कारण माझ्या मते सर्व सल्ल्याचे सार त्यात आहे. मी डिप्लोमा करून पहिल्या कामावर गेलो, तेव्हा जुळे सोलापुरातील एका बंगल्याची आखणी माझ्याकडे आली. घर ३० बाय ४० फुटांचे होते. मी चारही बाजू टेपने मोजल्या, समोरासमोरच्या बाजू अचूक जुळल्या, चुना टाकला आणि कोपऱ्यांचे खड्डे खोदायला सांगून घरी गेलो. दुसऱ्या दिवशी सकाळी म्हातारे मिस्त्री कामावर आले. त्यांनी कोणाला काही न विचारता एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात दोरी ताणली, मग दुसऱ्या जोडीवर ताणली आणि मला टेप धरायला लावला. एक कर्ण ५० फूट ३ इंच भरला, दुसरा ४९ फूट ९ इंच. दोन्ही बरोबर ५० फूट यायला हवे होते. चारही बाजू बरोबर असूनही माझा आयत तिरका झाला होता आणि मागची बाजू पावणेचार इंच शेजाऱ्याच्या हद्दीकडे सरकली होती. दोन खड्डे बुजवून पुन्हा खोदावे लागले. मिस्त्री मला एक शब्दही बोलले नाहीत. त्यांनी फक्त दोरीला तीन, चार आणि पाच हातांवर गाठी मारल्या, काटकोन तपासायचा तो त्रिकोण, म्हणजे गुण्या, जमिनीवर ठेवला आणि म्हणाले, "साहेब, हा गुण्या कधी खोटं बोलत नाही." पायथागोरसचे प्रमेय मी सातवी-आठवीपासून लिहीत आलो होतो, ते मला त्या सकाळी कळले. त्या दिवसापासून कर्ण मोजल्याशिवाय मी एकही खड्डा खोदू दिलेला नाही.

आपल्या मुलाला हे काम जमेल का, हे पाहायचे असेल तर त्याला घरातल्याच खोलीचा हिशेब करायला सांगा. खोली १० बाय १२ फूट आणि वर ५ इंच जाडीचा स्लॅब, तर काँक्रीट ५० घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास, म्हणजे सुमारे १.४२ घनमीटर. सिमेंट, वाळू आणि खडी एकास दीड आणि तीन या प्रमाणात असलेल्या काँक्रीटला घनमीटरमागे साधारण ८ पोती सिमेंट लागते, तेव्हा या स्लॅबला सव्वाअकरा ते साडेअकरा पोती लागतील. सळईचे वजनही असेच निघते : व्यासाचा मिलिमीटरमधला आकडा त्याच आकड्याने गुणायचा आणि १६२ ने भागायचे, की एका मीटरचे वजन किलोत मिळते. १२ मिलिमीटरची सळई मीटरला ०.८९ किलोच्या आसपास भरते आणि १२ मीटरची पूर्ण सळई सुमारे १०.६७ किलो. गाडीतून उतरणाऱ्या सळया मोजून आणि वजनकाट्याची पावती ताडून पाहणारा मुलगा पहिल्याच महिन्यात मालकाच्या नजरेत भरतो. ज्या मुलाला असे हिशेब करताना कंटाळा येण्याऐवजी उत्सुकता वाटते, त्याने निश्चिंतपणे या क्षेत्रात यावे. या कौशल्याची किंमत आता कायद्यामुळेही वाढली आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्यानुसार (रेरा) बिल्डरला ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के रक्कम वेगळ्या खात्यात ठेवावी लागते आणि त्यातून पैसे काढताना झालेल्या कामाबद्दल इंजिनिअर, वास्तुविशारद आणि सनदी लेखापाल यांचे प्रमाणपत्र लागते. म्हणजे झालेले काम मोजून त्यावर सही करणाऱ्या माणसावर कुणाचे तरी आयुष्यभराचे पैसे विसंबून असतात.

सोलापुरात शिकण्याचा एक फायदा असा की येथील माती आणि ऊन दोन्ही कठोर शिक्षक आहेत. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसते. मे महिन्यात तिच्या भेगांत हात जाईल एवढी ती फाटते. तिच्यावर उथळ पाया घेतलेल्या घरांच्या भिंतींना कोपऱ्यांतून तिरक्या भेगा जातात. पाया काळ्या थरातून खाली मुरमापर्यंत किंवा खडकापर्यंत का न्यायचा, जोत्याला काँक्रीटचा पट्टा का बांधायचा, हे येथील मुलाला पुस्तकाआधी शेजारच्या घरात दिसते. उन्हाचेही तसेच आहे. एप्रिल-मेमध्ये येथे पारा चाळिशी सहज ओलांडतो. अशा वेळी दुपारी ओतलेल्या काँक्रीटमधले पाणी डोळ्यांदेखत उडून जाते, मजुरांना मिश्रण घट्ट वाटू लागते आणि कुणीतरी बादलीभर पाणी वाढवतो. ती एक बादली स्लॅबची ताकद कमी करते. त्यामुळे उन्हाळ्यात आम्ही स्लॅब पहाटे सुरू करतो, खडीवर आधीच पाणी मारतो आणि तरुण इंजिनिअरला मिक्सरजवळ उभे करतो, केवळ त्या बादलीवर लक्ष ठेवायला. नंतर स्लॅबवर मसाल्याच्या कडा घालून वाफे करायचे आणि त्यांत पाणी साठवायचे. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान ७ दिवस पाणी द्यावे लागते. कोरड्या आणि उष्ण हवेत ते १० दिवसांपेक्षा कमी चालत नाही आणि राखमिश्रित सिमेंट असेल तर १४ दिवसांपर्यंत वाढवण्याची शिफारस आहे. ज्या शहरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, तेथे १४ दिवस रोज टँकरची व्यवस्था करणे हेसुद्धा साइट इंजिनिअरचेच काम असते आणि ते कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते.

येथील साइटवर आणखी एक गोष्ट आपोआप शिकली जाते. गवंडी कन्नड बोलतो, सेंट्रिंगवाला तेलुगू, फरशीवाला हिंदी आणि मालक मराठी. आपला मुलगा यंत्रमागाच्या वस्तीत वाढला असेल तर यांतल्या दोन-तीन भाषा त्याच्या कानांवर असतीलच. त्याने त्या सोडू नयेत. कारागिराला त्याच्या भाषेत दोन वाक्ये बोलणाऱ्या इंजिनिअरचे काम वेळेत होते.

अडचणीही स्पष्ट सांगायला हव्यात. सुरुवातीचा पगार कमी असतो आणि काही ठिकाणी तो उशिरा मिळतो. मी स्वतः एका ठेकेदाराकडे पाच महिने बिनपगारी राबलो आणि शेवटी ते पैसे सोडून द्यावे लागले. म्हणून नेमणुकीचे पत्र, हजेरीची नोंद आणि पगार बँकेत, या तीन गोष्टी पहिल्या दिवशीच मागाव्यात. स्वतःचा ठेका घेतल्यावरही बिले अडकतात. तेव्हा हातात किमान तीन महिन्यांची मजुरी असल्याशिवाय ठेक्यात उतरू नये.

सुरक्षिततेबाबत मी कोणतीही तडजोड सांगणार नाही. उंचावर काम करताना पट्टा बांधलेला असावा. माणसाच्या छातीएवढा खोल चर, विशेषतः काळ्या मातीतला, आधार दिल्याशिवाय किंवा बाजू उतरत्या केल्याशिवाय त्यात कोणालाही उतरू देऊ नये. ओली माती ढासळताना आवाज करत नाही. स्लॅबखालचे टेकू मुदतीआधी काढू नयेत. साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या (दोन आधारांमधल्या अंतराच्या) स्लॅबला साधारण ७ दिवस आणि त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस टेकू राहिलेच पाहिजेत, मग प्लायवूडवाला भाड्यासाठी कितीही घाई करो. नवीन मुलाला वाटते की वरिष्ठाला नाही म्हणणे उद्धटपणाचे आहे. या एका बाबतीत त्याने नाही म्हणावे. मुलगा कारागिरीच्या वाटेने गेला तर अठरा वर्षे पूर्ण झाल्यावर आणि वर्षभरात ९० दिवस काम भरल्यावर महाराष्ट्र इमारत व इतर बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाकडे त्याची नोंदणी जरूर करावी.

आपल्या मुलीविषयी. बांधकामावर स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या आहेत. घमेले त्यांच्या डोक्यावर दिले गेले, थापी आणि ओळंबा मात्र त्यांच्या हाती दिला गेला नाही. मला याचे वाईट वाटत आले आहे, कारण दहा-दहा वर्षे गवंड्याला माल देणाऱ्या बाईला भिंतीतली चूक गवंड्याआधी दिसते. आपली मुलगी बारावी विज्ञान आहे आणि तिचा गणित विषय असेल तर सामाईक प्रवेश परीक्षेतून ती स्थापत्य अभियांत्रिकीच्या डिग्रीला जाऊ शकते. तिला रेखाटनाची आवड असेल तर वास्तुशास्त्राचा पाच वर्षांचा अभ्यासक्रम आहे. त्यासाठी नाटा ही वास्तुशास्त्राची प्रवेश परीक्षा किंवा जेईई मेनचा वास्तुशास्त्राचा पेपर द्यावा लागतो आणि शिक्षणानंतर वास्तुविशारद परिषदेकडे नोंदणी करावी लागते. संरचना संकल्पन, अंदाजपत्रक, काँक्रीटचे ठोकळे ७ आणि २८ दिवसांनी तपासणारी प्रयोगशाळा, कामाचे नियोजन या ठिकाणी मुली आज मोठ्या जबाबदाऱ्या सांभाळतात. प्रत्यक्ष साइटवरही त्या उत्तम काम करतात. माझ्याकडील एका इंजिनिअर मुलीने सळईची जाळी तपासताना सळई साच्याला टेकू नये म्हणून खाली ठेवायचे ठोकळे, म्हणजे कव्हर ब्लॉक, नाहीत म्हणून आलेली काँक्रीटची गाडी तासभर थांबवून ठेवली होती, आणि तिचे बरोबर होते. अडचण साइटच्या व्यवस्थेची आहे : अनेक कामांवर स्वच्छतागृह नसते आणि स्लॅबच्या दिवशी घरी परतायला रात्र होते. नोकरी स्वीकारताना या दोन गोष्टी तिने संकोच न करता विचाराव्यात. त्यांची सोय करून देणे ही कामावर ठेवणाऱ्याची जबाबदारी आहे, तिची नव्हे.

तेव्हा अर्ज भरण्याआधी मुलाला ओळखीच्या गवंड्याबरोबर किंवा इंजिनिअरबरोबर कामावर पाठवावे; मुलीलाही सोबत पाठवावे. पायात बूट, डोक्यावर हेल्मेट, हातात वही आणि पाच मीटरचा टेप एवढे पुरेल. पहिले दोन दिवस त्यांनी फक्त नकाशा मागून घेऊन त्यातला एकेक कॉलम जागेवर शोधावा. नंतर सळया बांधल्या जात असताना त्यांना वेढणाऱ्या रिंगांमधले अंतर मोजून नकाशातल्या आकड्याशी ताडून पाहावे आणि फरक दिसल्यास तो का आहे हे विचारावे. जमल्यास एखाद्या स्लॅबच्या दिवशी पहाटे सहा वाजता हजर राहून शेवटचे घमेले पडेपर्यंत थांबावे. संध्याकाळी घरी आल्यावर, दमलेली असतानाही, दोघे आपल्याला दिवसभर काय पाहिले ते आपण होऊन सांगू लागली, तर प्रवेशाचा अर्ज भरायला हरकत नाही.